वापरात नसलेले आकाश तरी आम्हाला द्या: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : नागरी आणि लष्करी विमानांच्या सामायिक हवाई क्षेत्राबाबत, आणि माझ्या आईच्या चुकलेल्या तपासणीबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी माझ्या शहात्तर वर्षांच्या आईला घेऊन कोल्हापुरातून उत्तरेकडील एका शहराकडे निघालो. तिथे माझी बहीण राहते आणि तिथल्याच रुग्णालयात आईच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेली आहे. दुपारी दीडची तपासणीची वेळ आम्हाला तीन महिन्यांपूर्वी मिळाली होती. त्या शहराची धावपट्टी हवाई दलाची असून प्रवासी विमाने तिचा वापर दिलेल्या वेळेत करतात. विमान शहराजवळ पोहोचल्यावर वैमानिकाने लष्करी हालचालीमुळे थांबावे लागेल असे सांगितले. चाळीस मिनिटे आम्ही आकाशात घिरट्या घातल्या, त्यानंतर विमान दुसऱ्याच शहरात उतरवण्यात आले आणि तिथे सव्वातीन तास आम्ही दार बंद असलेल्या विमानात बसून होतो.

आई हृदयासाठी लघवीची गोळी घेते. चिंचोळ्या वाटेत लोक उभे असताना नऊवारी सावरत तिला पाच वेळा उठावे लागले, आणि पाचव्यांदा परत येताना ती रडली. तिला मधुमेह आहे, हे दोनदा सांगितल्यावर बिस्किटांचा एक पुडा मिळाला. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सायंकाळचे सहा वाजले होते आणि आईच्या पायांवर बोट दाबले तर खळगा राहत होता. डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली.

परतल्यावर मी रीतसर तक्रार केली. विमान कंपनीने कळवले की कारण आमच्या नियंत्रणाबाहेरचे असल्याने भरपाई देय नाही. आपल्याच नियमांत ही सवलत दिलेली आहे, त्यामुळे कंपनीला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? मग विमानतळाशी संबंधित एका कार्यालयाला लिहिले, तर उत्तर आले की वेळा ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. ज्यांचा अधिकार आहे त्यांच्याकडून आलेल्या दोन ओळींच्या पत्रात, विषय संरक्षणाशी संबंधित असल्याने माहिती देता येणार नाही, एवढेच होते. मी लढाऊ विमानांची संख्या विचारली नव्हती, त्यांचा मार्गही विचारला नव्हता. त्या चाळीस मिनिटांत धावपट्टी खरोखर वापरात होती का, आणि ती कधी मोकळी होईल हे विमान कंपनीला आधी कळवले होते का, इतकेच विचारले होते.

मंत्रिमहोदय, हे पत्र वाचून कोणी मला लष्करद्वेष्टा ठरवू नये, म्हणून सांगतो की माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. या जिल्ह्यात अशी गावे आहेत जिथे घरटी एक माणूस फौजेत आहे. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचा रस्ता कित्येक दिवस तुटलेला राहिला, तेव्हा लष्कराच्या आणि नौदलाच्या जवानांनी होड्या घालून आमची माणसे बाहेर काढली. जवानांनी सराव करावा, पुष्कळ करावा, आणि त्यासाठी लागेल तेवढे आकाश त्यांना मिळावे, याबद्दल कोल्हापुरात दुमत सापडणार नाही. माझे भांडण त्या आकाशाशी आहे जे सरावासाठी राखून ठेवलेले असते आणि सराव नसतानाही बंदच राहते.

१६ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशाला सांगितले होते की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने उपलब्ध आहे, निर्बंध शिथिल केले की मार्ग जवळचे होतील आणि वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल. ते भाषण मी टाळेबंदीत घरी बसून ऐकले होते. तेव्हा माझ्या गोकुळ शिरगावच्या कारखान्यातली यंत्रे बंद होती, आणि तरीही एक चांगली गोष्ट होते आहे असे मला मनापासून वाटले होते. त्या ६० चे आज किती झाले? १,००० कोटींपैकी किती वाचले, आणि त्यातला एक रुपया तरी तिकिटाच्या दरात उतरला का? घोषणा ज्या ठळकपणे झाली, त्याच ठळकपणे हिशेब मांडणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

हवाई क्षेत्राच्या लवचीक वापराचे धोरण आपल्याकडे आहे, त्यासाठी उच्चस्तरीय मंडळ आहे, आणि लष्कराला गरज नसेल तेव्हा उघडणारे सशर्त मार्गही आखलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. धोरणाचे मर्म साधे आहे : आकाशाचा कोणताही तुकडा कायमचा कोणाचा नसावा, ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तो त्याचा असावा आणि काम संपताच तो दुसऱ्याला मिळावा. आमच्याकडे शेतकरी पाण्याची पाळी अशीच वाटून घेतात. आपले रान भिजले की बारे पुढच्याकडे वळवतात. जर्मनीत १९९३ पासून शांततेच्या काळात नागरी आणि लष्करी विमानांचे नियंत्रण एकच संस्था पाहते. इंग्लंडमध्ये स्वॉनविक येथे दोन्ही बाजूंचे नियंत्रक एकाच केंद्रात काम करतात. हे देश काही आपल्या संरक्षणाबाबत गाफील नाहीत.

आमच्या भोवतालचा नकाशाच पाहावा. उत्तरेला पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे, तर गोव्याचे दाबोळी नौदलाचे, जिथे वर्षानुवर्षे आठवड्यातले पाच दिवस सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही वेळ नागरी विमानांना बंद ठेवलेली होती. कामाची सकाळच प्रवाशांच्या हातून जायची. पुण्याची धावपट्टी दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ बंद राहिली आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे पूर्ण बंद झाली. दुरुस्ती आवश्यकच होती, पण एवढ्या मोठ्या शहराला दुसरी धावपट्टी नसणे आवश्यक नव्हते, आणि पुरंदरचा विमानतळ तर आम्ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रातच पाहत आलो आहोत.

सुरक्षिततेचे कारण पुढे येईलच, म्हणून दिल्लीजवळच्या, हरियाणातल्या चरखी दादरीची आठवण करून देतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी तिथे दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. मुख्य दोष ठरवून दिलेली उंची न पाळणाऱ्या विमानाचा होता. परंतु दिल्लीभोवतालचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे असल्याने येणारी आणि जाणारी विमाने तेव्हा एकाच पट्ट्यातून सोडली जात होती, हेही तितकेच खरे आहे. त्या अपघातानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले. म्हणजे जागा होती; ती मोकळी होण्यासाठी ३४९ माणसांचे मरण लागले.

माझा ढोबळ हिशेब असा, की मध्यम आकाराचे जेट विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. त्या एका दुपारी आमच्या घिरट्यांत दीड टनाहून अधिक इंधन गेले. माझ्या कारखान्यात कास्टिंगचा एक नग नाकारला गेला, तर कारण, वेळ आणि जबाबदार माणूस यांची नोंद मला करावी लागते, अन्यथा ग्राहक मला दारात उभा करत नाही. एका मंत्रालयाकडे प्रवासी आणि दुसऱ्याकडे आकाश, अशी वाटणी करून ठेवल्याने इथे मात्र कोणाच्याही वहीत माझ्या आईच्या त्या दिवसाची नोंद नाही. हे दुखणे एकट्या विमानांचे नाही. रस्ता खोदणारे खाते वेगळे, बुजवणारे वेगळे, आणि मध्ये पडणारा माणूस कोणत्याच खात्याचा नाही, अशीच या देशाची व्यवस्था झाली आहे.

नागरी वापरासाठी प्रत्यक्षात किती आकाश किती तास मोकळे होते, याचा आकडा आपण दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. संयुक्त धावपट्ट्यांवर नागरी आणि लष्करी नियंत्रक शेजारी बसवावेत आणि राखीव वेळ न वापरल्यास ती तत्काळ सोडण्याचे बंधन असावे. आणि विलंब लष्करी कारणाने झाला तरी प्रवाशाच्या अन्नपाण्याची व औषधाची जबाबदारी कोणाची, हे नियमात नाव घेऊन लिहावे.

आईने पुन्हा विमानात बसण्यास नकार दिला आहे. निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीची तिकिटे मी काढली आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला दीड दिवस गाडीत बसवायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारतो आहे. गाडी सुटण्यापूर्वी आपले उत्तर आले, तर मी ते तिला वाचून दाखवीन.

आपला,
एक लघुउद्योजक,
राजारामपुरी, कोल्हापूर.