नाचणीच्या शेतात बारा धान्यं

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, नाचणीत इतकं सगळं मिसळून पेरल्यावर कापणीला घोळ होत नाही का? होतो, पण तो परवडतो.

इथे उत्तराखंडात, टिहरीच्या हेंवल खोऱ्यात, या मिश्र पेरणीला बारहनाजा म्हणजे ‘बारा धान्यं’ म्हणतात. मुख्य पीक मंडुवा, म्हणजे आपली नाचणी. सोबत राजगिरा, राजमा, उडीद, चवळी, काळं सोयाबीन म्हणजे भट्ट, आणि गहत, म्हणजे आपला कुळीथ. आकडा बाराच भरतो असं नाही. १९८०च्या दशकात इथे नुसतं सोयाबीन लावायचा आग्रह सुरू झाला, तेव्हा इथले शेतकरी विजय जड़धारी आणि गावकऱ्यांनी ‘बीज बचाओ आंदोलन’ उभं करून ही बियाणी राखली.

आपल्यासारखा तरवा (रोपवाटिका) नाही, लावणी नाही. मे-जूनमध्ये बी फोकतात, म्हणजे हाताने विखरून टाकतात. इथलं जमिनीचं माप नाली, म्हणजे जवळपास दोन गुंठे. तिला मंडुवा साधारण २०० ग्रॅम, कडधान्यं मूठ-मूठ, राजगिरा चिमूटभर. राजगिरा हात सैल सोडून टाकला तर सावलीत मंडुवा खुरटतो. बेताचा असला तर राजम्याचे वेल त्याच्याच दांड्यावर चढतात, काठ्या लागत नाहीत.

खरं कौशल्य दंदाळ्याचं. दात्यांचं हे औत रोपं वीतभर झाली की बैलांमागे उभ्या पिकातून फिरवतात. दाटी विरळ होते, तण उपटतं, माती मोकळी होते. पाहणाऱ्याला वाटतं पीक गेलं! मात्र वाफसा, म्हणजे बेताची ओल, हवाच: चिखलात फिरवलं तर रोपं गाडली जातात, कोरड्यात ढेकळांसकट उखडतात.

पाऊस ओढला तरी मंडुवा आणि गहत तग धरतात. बाकीचं गेलं तर गेलं. रानडुकरांपुढे मात्र कुणाचंच चालत नाही.

मंडुव्यानंतर शेत चैत्रापर्यंत पडीक, मग वरकस (डोंगरउताराच्या कोरडवाहू जमिनीतला) भात, त्यावर गहू, पुन्हा मंडुवा: दोन वर्षांत तीन पिकं. डोंगराची एक बाजू सगळ्यांची एकदमच पडीक असते, गुरं मोकळी चरतात. एकट्याने क्रम मोडला की त्याचं पीक गुरांच्या पोटात.

आपल्या वरकसावर करायचं तर आधी एकाच गुंठ्यात करा. राजमा नको, कोकणच्या पावसात कुजेल, चवळी घाला. आणि आई, इथे कुळीथ भिजवून, वाटून फाणू करतात. तू वाटताना लसूण सढळ घाल.

तुमची,
ताई