पाण्याचा कॉक बंद करायचा नाही, बाबा

इचलकरंजी
रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कोल्हापूरच्या घरातल्या भाडेकरूंचा विषय निघाला की बाबा तापतात, आई मध्येच "जाऊ दे गं, त्यांचीही पोरं आहेत" म्हणते आणि गोष्ट तिथंच राहते. म्हणून लिहितेय. दादाला सांगा, सावकाश वाचून दाखव.

काल सकाळच्या एसटीनं शाहूपुरीतल्या त्या घरी गेले, भाडं गोळा करणाऱ्या एजंटला न कळवता. कळवलं असतं तर "ताई, ते गावाला गेल्यात" हे ठरलेलं उत्तर आलं असतं. भाडेकरू घरातच होते. मला बघून आधी कावरेबावरे झाले, मग त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, चहा टाकला. सात महिन्यांचं भाडं थकलंय, काय विचार आहे, असं मी सरळच विचारलं. "सात? कोण म्हणालं सात?" म्हणत ते आत गेले आणि पोराची शंभर पानी वही घेऊन आले. मागच्या पानांवर हिशोब. तीन महिन्यांचे साडेनऊ-साडेनऊ हजार रोख दिलेले, तारखा घातलेल्या, आणि प्रत्येक तारखेपुढं आपल्या एजंटची ती तिरकी, शेपूट ओढलेली सही. आपल्या पावत्यांवर असते तीच. फोटो काढून आणलेत.

म्हणजे साडेअठ्ठावीस हजार त्यांनी दिले, आपल्यापर्यंत आले नाहीत. उरलेल्या चार महिन्यांचं खरंच दिलेलं नाही, हे त्यांनी कबूल केलं. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगचं, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायचं, कंत्राट आहे त्यांचं, बिलं अडकलीत म्हणाले. असेलही खरं. पण दुसरं कारण न्हाणीघराच्या भिंतीवर होतं.

२०१९ च्या पुराची खूण आहे ना आपली, तिच्याही वितभर वर ओल चढलीय. बोटानं दाबलं तर गिलावा पिठासारखा हातात आला. वहिनींनी पलीकडच्या खोलीतलं कपाट पुढं ओढून दाखवलं. मागची फळी फुगलेली, आत पोरांच्या गणवेशांना बुरशीचा वास. भिंतीतला पाइप गळतोय, पावसाळ्यापासून. एजंट दर वेळी "सोमवारी प्लंबर पाठवतो" म्हणायचा, तो सोमवार काही उजाडला नाही. शेवटी दुरुस्ती नाही तर भाडं नाही, असं यांनी ठरवलं. हे चुकीचंच, मी तोंडावर सांगितलं. मालकांचा नंबर होता की तुमच्याकडं! तर म्हणे एजंटनं बजावलं होतं, मालकांचं ऑपरेशन झालंय, त्यांना थेट फोन करायचा नाही.

तुमच्या आजारपणाची अशी ढाल केली त्यानं. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आला.

मग गच्चीवर गेले. एजंटनं टाकी धुतल्याचे १,२०० लावले होते ना? झाकणावरची वीट काढून वाकून बघितलं, तळाला बोटभर गाळ आणि कडेनं हिरवं शेवाळ. घरफाळा तेवढा वेळेवर भरलेला आहे, तोही दादा ऑनलाइन भरतो म्हणून.

आता तुमचं म्हणणं, पाण्याचा कॉक बंद कर, दोन दिवसांत बाहेर पडतील. नाही बाबा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ आहे, भाडं थकलं म्हणून मालकाला पाणी-वीज तोडता येत नाही. तोडलं की गुन्हेगार आपणच. शिवाय आपली बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. २०२२ मधला अकरा महिन्यांचा करार रजिस्टर केलेला होता. तो संपल्यावर "माणूस चांगला आहे, शब्द पुरे" म्हणून तुम्ही तसंच पुढं चालवलंत. कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदवलेला करार ही मालकाची जबाबदारी. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरतात, खोटं आहे हे आपण सिद्ध करेपर्यंत. वेळच्या वेळी करार करत राहिलो असतो तर मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता आली असती. आता ते "आम्ही कायद्यानं भाडेकरू" म्हणून अडून बसले तर आधी थकबाकीची नोटीस, मग नव्वद दिवस थांबा, मग दावा. कसब्या बावड्याच्या कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? मीच ना.

म्हणून मी तिथंच बसून ठरवलं. प्लंबर बुधवारी येतोय, त्याचा खर्च आपला. पुढच्या महिन्यापासून भाडं थेट तुमच्या खात्यावर, आणि थकलेले अडतीस हजार दरमहा पाच हजारांनी. नवीन करारात हा आकडा लिहायचा. तुम्हाला पुण्याहून यायला नको, आधारवर अंगठा लावून घरबसल्या होतं. डिपॉझिट चाळीस हजार आहे, म्हणजे आपल्या हातात दोनच हजार शिल्लक. यापुढं एक जरी हप्ता चुकला तर वकिलाची नोटीस जाईल, हे त्यांनाही सांगून आलेय. मी मऊ वागले असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

एजंटला आधी वहीचा फोटो पाठवला, मग फोन केला. "व्हय ताई, ते माझ्याकडनं द्यायचं राहिलंय की." दळणाचे पैसे राहावेत तसे साडेअठ्ठावीस हजार राहिले! पंधरा तारखेपर्यंत देतो असं मेसेजवर लिहून घेतलंय. वरच्या मजल्याची किल्लीही काढून घेतली. तो तुमच्या ऑफिसातल्या मित्राचा पुतण्या, ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्ही महिन्याला आठशे कापू देत होता आणि हिशोब मागत नव्हता. मित्राला यातलं काही कळवू नका, मी पैसे आले की बघते.

माझ्या नावचं कुलमुखत्यारपत्र तेवढं करून पाठवा. दादाला सगळं सांगितलंय.

आई, वरच्या खोल्या उघडून झाडल्या. तुझा तांब्याचा बंब आहे तसा आहे, काळा पडलाय फक्त. वहिनींनी तुझ्यासाठी कांदा-लसूण चटणी दिलीय. भाडं थकवणाऱ्यांकडून घ्यावी का, याचा एसटीत हातकणंगल्यापर्यंत विचार करत होते. तोवर डब्यातलं तेल गळून पिशवी लाल झाली. उरलेली दादाबरोबर पाठवते.

तुमची,
ताई