भूलतज्ज्ञाची जागा कधी भरणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी निवृत्त आरोग्यसेविका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या उपकेंद्रांत सगळी नोकरी गेली. आता घरी असते, तरी वाडीत कुणाला कळा सुरू झाल्या की पहिली हाक मलाच येते.

गेल्या जुलैत अशीच हाक आली. शेजारची मुलगी, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, नवरा मुंबईत. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने तपासलं. पिशवीचं तोंड पुढे उघडत नव्हतं, बाळाचे ठोके मंदावत होते. तिने वेळ न घालवता रेफर केलं. तिचं काहीच चुकलं नाही. १०८ आली, पण वाटेत मोरीवरून पाणी जात होतं, गाडी अर्धा तास उभी. माझ्या एका हातात सलाईनची बाटली, दुसरा हात तिच्या पोटावर, कळा मोजत. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होते, थिएटर उघडं होतं. भूल द्यायला कुणी नव्हतं. दाराशेजारच्या फलकावर भूलतज्ज्ञापुढे खडूने 'रिक्त' लिहिलेलं. बाहेरून बोलावणीवर येणारे डॉक्टर दुसरीकडे अडकलेले. तिथून पुढे आणखी दीड तास. पोरगी वाचली. बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं.

साहेब, २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. केरळ सोडलं तर देशात सगळ्यात कमी. या आकड्याचा मला अभिमान आहे, त्यासाठी माझ्यासारख्या कितीतरी जणींनी चपला झिजवल्यात. पण तो अख्ख्या राज्याचा आकडा. पुण्यातली बाई आणि आमच्या सड्यावरची बाई त्यात एकाच मापाने मोजली जाते. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही बाई हातची जाते. पिशवी आकसून रक्त थांबावं म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आम्ही देतो, पोट चोळतो. त्यानेही थांबलं नाही तर रक्त लागतं, शस्त्रक्रिया लागते. दोन तासांत आमच्याकडून कुठवर पोचता येतं, हे पावसाळ्यात एकदा स्वतः गाडीत बसून पाहावं.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी दवाखान्यात सीझर, औषधं, रक्त, ने-आण सगळं मोफत झालं. फार मोठं काम झालं ते, गरिबाचं दागिने गहाण टाकणं वाचलं. पण सीझरला दोन डॉक्टर एका वेळी, एका छपराखाली लागतात. एकटा सर्जन काय करणार?

म्हणून माझी मागणी एकच. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची नेमणूक जोडीने करा. एकाची बदली झाली तर बदली माणूस हजर होईपर्यंत त्याला सोडू नका. एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या अडचणीत भूल द्यायला शिकवण्याची केंद्राची योजना जुनीच आहे, मूळ प्रशिक्षण १८ आठवड्यांचं. पण तिथून शिकून आलेल्याला थिएटर नसलेल्या केंद्रात ओपीडीला बसवलं, तर शिकलेला हात विसरतो. त्याला सीझर होतात तिथेच ठेवा. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या भूलशास्त्र विभागातून डॉक्टर पाळीपाळीने तालुक्याला पाठवता येतील. तळकोकणातल्या कितीतरी बाया अजून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतात, पोटात कळा घेऊन राज्याची हद्द ओलांडतात. आणि डॉक्टर टिकायला हवा असेल तर त्याला न गळणारं क्वार्टर द्या, नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर एका तालुक्यात ठेवा. कोकणात कुणी येत नाही, हे मी नोकरीभर ऐकलं. आलेले किती जण घराअभावी परत गेले, तेही मी पाहिलंय.

आमच्या आशाताईच्या वहीत सध्या चार गरोदर बायांची नावं आहेत. दोघींचे दिवस ऑगस्टात भरतात, भर पावसात. त्याआधी त्या फलकावरचा 'रिक्त' शब्द पुसला जावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका