कॅलेंडरची खालची पट्टी कापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घराच्या भिंतींवर जाहिरातींची जुनी पोस्टर्स लावण्याबद्दलचा लेख वाचला. फोटो छान होते, पण त्यातली जवळजवळ सगळी पोस्टर्स पॅरिसची नाहीतर अमेरिकेची. फ्रेंच चित्रकार तूलूझ-लोत्रेकने १८९१ साली पॅरिसच्या मूलाँ रूज या नाचगाण्याच्या क्लबसाठी केलेलं पोस्टर सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण आपल्याकडे वाण्याच्या दुकानातून दिवाळीला नाहीतर जानेवारीत जी कॅलेंडरं फुकट मिळायची तीही जाहिरातच होती ना, आणि ती तर आपल्या भिंतींवर कधीपासून आहेत, त्यांचा लेखात एका ओळीतही उल्लेख नाही याचं फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या सासऱ्यांचं सांगलीला किराणा दुकान होतं. ते बंद केलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत गुंडाळ्या करून ठेवलेली चौदा कॅलेंडरं निघाली आणि एक चहाची इनॅमलची पाटी. बाळकृष्ण, लक्ष्मी, शिवाजी महाराज, शिवाय एका तेलाच्या जाहिरातीतली लांब केसांची बाई जी माझ्या नवऱ्याला लहानपणापासून पाठ होती. चित्रांचे रंग अजून असे की ट्रंक उघडल्यावर आम्ही सगळेच गप्प बसलो.

त्यातली तीन मी हौसेने फ्रेम करायला दिली. कॅलेंडरला वर-खाली पत्र्याची बारीक पट्टी असते, खाली तारखांचा गठ्ठा, त्याच्यावर दुकानाचं नाव आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव. फ्रेमवाल्याने ते सगळं छाटलं, चित्र तेवढं ठेवलं, ते प्लायवर डकवून वरून लॅमिनेट केलं आणि मला म्हणाला ताई आता शंभर वर्षं काही होत नाही. छाटलेल्या कागदी पट्टीवर सासऱ्यांच्या दुकानाचं नाव होतं, पेठेचं नाव होतं आणि तीन आकडी फोन नंबर होता. ती पट्टी कचऱ्यात गेली होती. मी दुकानात उभ्या उभ्या रडले. त्याची चूक एकट्याची नाही, मीच आधी सांगायला हवं होतं, पण हे सांगावं लागतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं आणि लेखातही कुठे नव्हतं.

ती पट्टी का महत्त्वाची ते सांगते. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग श्लायशर नावाच्या जर्मन माणसाने तो विकत घेतला. तिथे दगडावर चित्र काढून छपाई व्हायची, म्हणजे शिळाछाप, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे एका चित्रासाठी तोच कागद कितीतरी वेळा मशीनखालून जायचा आणि एकदा जरी जरासा सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर. त्याच देवदेवतांची चित्रं नंतर साबणवाल्यांनी, बाळांच्या औषधवाल्यांनी आपल्या कॅलेंडरवर घेतली. तो छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. आता तिथलं चित्र ओळखायची एक मोठी खूण म्हणजे तळाला छापलेली 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अशी ओळ, आणि आपण नेमकी तीच कापून टाकतो!

चित्रकारांचंही तेच. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची चित्रं किती घरांत लागलेली असतील, त्यांची सही चित्राच्या कोपऱ्यात असते आणि फ्रेमवाले माउंटचा कागद असा बसवतात की सहीच झाकली जाते. एअर इंडियाचा महाराजा सगळ्यांना माहीत आहे, पण १९४६ मध्ये एअर इंडियाच्याच बॉबी कूका यांच्यासोबत त्याला आकार देणारे चित्रकार उमेश राव किती जणांना माहीत आहेत? १९६६ पासून होर्डिंगवर असलेली अमूलची मुलगी सगळ्यांची लाडकी, पण तिला कागदावर उतरवणाऱ्या युस्टेस फर्नांडिस यांचं नाव कुणी घेत नाही. एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला गट्टू हा मुलगा आर. के. लक्ष्मण यांचा, एवढं तरी लोकांना ठाऊक असतं, तेही लक्ष्मण आधीच प्रसिद्ध होते म्हणून.

आता विकत घेणाऱ्यांसाठी, कारण लेख वाचून लोक मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात जाणारच. जायला हवंच, पण सोबत भिंग न्या. कुणी शिळाछापाचं जुनं चित्र म्हणून विकत असेल आणि भिंगाखाली एकसारखे रांगेतले ठिपके दिसले तर ते ऑफसेटवर, म्हणजे फोटोवरून प्लेट करून छापायच्या नंतरच्या पद्धतीने, छापलेलं आहे, शिळाछापात ठिपके हाताने टाकलेले म्हणून कमीजास्त, वेडेवाकडे असतात. ऑफसेट म्हणजे खोटं असं नाही बरं का, नंतरची कितीतरी खरी कॅलेंडरं ऑफसेटचीच आहेत, फक्त पैसे शिळाछापाचे देऊ नका. इनॅमलची पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेली असते, बोट फिरवलं तर बऱ्याचदा एका रंगावर चढलेली दुसऱ्याची कड लागते आणि गंज खिळ्याच्या भोकांपासून आणि कडांपासून सुरू होतो. आजकाल नव्या पाटीवर मुद्दाम गंज आणून विकतात, तो भलतीकडेच पसरलेला असतो.

घरी आणल्यावर लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल या तीन गोष्टी त्या कागदाला लावू देऊ नका, एकदा चिकटलं की कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. मागे प्लाय किंवा पुठ्ठा नको, ॲसिड-फ्री म्हणजे आम्ल नसलेला बोर्ड मागा, थोडा महाग पडतो पण नाहीतर कागद पिवळा पडून कडेने चुरा होतो. काच चित्राला टेकता कामा नये, आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथेच ओल धरते आणि कसर लागते. पत्र्याची पट्टी गंजलेली असेल तर ती काढावीच लागते कारण गंज कागदात उतरतो, पण काढून पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवा. बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल येते आणि थेट ऊन पडतं, तिथे अस्सल लावूच नका, स्कॅन करून त्याची प्रिंट लावा, लांबून कुणाला फरक कळत नाही.

माझी मुलगी नवीन पोस्टर्स लावते, नाटकांची, छोट्या प्रदर्शनांची, कुठल्याशा कॉफीवाल्यांची. आधी मला ते पटायचं नाही, जाहिरात कसली घरात लावायची, पण मग लक्षात आलं की आमची लक्ष्मी पण तेलाच्या डब्यासोबतच घरात आली होती. आता जाहिरात मोबाईलवर येते आणि अंगठा फिरवला की गेली, कागदावर उतरते ती फार थोडी, त्यामुळे जी उतरते ती ठेवायलाच हवी. मुलगी पोस्टर्स करणाऱ्या मुलांकडूनच सही घेऊन ती विकत आणते, इंटरनेटवरून उचलून प्रिंट मारत नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चित्रावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो हे मला तिच्याकडूनच कळलं. हॉलच्या एकाच भिंतीवर आता सासऱ्यांची इनॅमलची पाटी आणि तिच्या शेजारी मुलीचं नाटकाचं पोस्टर आहे, बाकी भिंती मोकळ्या, आणि येणारा प्रत्येक माणूस त्या दोघांसमोर थांबतो.

संपादक महोदय, तुमच्या कार्यालयात जुन्या अंकांच्या फायली असणार आणि प्रत्येक अंकात जाहिराती. दर रविवारी त्यातली एक पूर्ण छापा, अंकाची तारीख टाकून, आणि सापडलं तर काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव टाकून. ज्यांच्या घरी ट्रंकेत काही पडलंय त्यांनाही पाठवायला सांगा. आमची उरलेली अकरा कॅलेंडरं मी स्कॅन करून ठेवली आहेत, लगेच पाठवते. फक्त छापताना खालच्या पट्टीसकट छापा.

आपली नेहमीची वाचक,
डोंबिवली (पूर्व)