कळव्याच्या गिरणीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमची सून म्हणाली, "तुम्ही लिहा, मी मोबाईलवर वाचून दाखवते," म्हणून हे लिहितेय. समोर बोलायला गेले तेव्हा दोन्ही वेळा माझे डोळे भरून आले आणि तुम्ही "ताई, डबा उचला, पीठ गरम आहे, झाकण उघडं ठेवा" म्हणून विषय बदललात.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हे वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात होते, तो बंद पडून सहा महिने झाले होते. मुलीची फी तुंबलेली. डाळी महाग, गॅस महाग. मला येत होतं ते एकच, सासूबाईंच्या हातची भाजणी. तीच विकायला लागले.

त्याआधी एका बँकेत गेले होते. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, ५० हजारांपर्यंतचं. २०१५ पासून ही योजना आहे आणि त्याला तारण लागत नाही, हे वाचूनच गेले होते. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, "मिस्टर काय करतात?" मग दागिने आहेत का, जामीन कोण राहील. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "भाजणी ठीक आहे हो, घरबसल्या छंद म्हणून करा. त्याला कर्ज कशाला?" ज्या घरातला पगार थांबलाय, त्या घरातल्या बाईच्या कामाला छंद म्हणवतं तरी कसं? कळव्याच्या पुलावरून चालत घरी आले, बसचेही पैसे खर्चावेसे वाटेनात. भांडवल शेवटी आमच्या बचत गटातल्या बायकांनी उभं केलं. त्यांचे आभार मी घरोघरी जाऊन मानलेत.

माजिवड्याच्या एका सोसायटीतून चकलीच्या भाजणीची ४० किलोंची ऑर्डर आली. एवढी मोठी पहिलीच. जांभळी नाक्यावरून माल आणला आणि दोन रात्री भाजत बसले. दुसऱ्या रात्री पहाटे तीनला हात भरून आले, चणाडाळ तेवढी राहिली होती. आच मोठी केली आणि उरकून टाकली. हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय.

सकाळी तुमच्याकडे रांग होती. मी तांदूळ, उडीद, मूग, पोहे, डाळ अशा वेगवेगळ्या पिशव्या ठेवल्या. माझी पाळी आली तशी तुम्ही आधी मूठभर तांदूळ गिरणीतून काढलेत, आधीच्या बाजरीचं पीठ निघून जावं म्हणून. मग प्रत्येक पिशवीत हात घातलात. चणाडाळीशी थांबलात. एक दाणा दाढेखाली फोडलात, दुसरा फोडलात, आणि बटण बंद केलंत. मागची माणसं कुरकुरली. तुम्ही माझ्या जवळ येऊन, रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणालात, "ताई, बाहेरून लाल झालीय, आतून कच्ची आहे. भाजलेलं परत भाजता येतं, दळलेलं नाही. धंदा तुमचा आहे, नाव तुमचं जाईल."

काका, त्या दिवसापर्यंत माझ्या कामाला कोणीच धंदा म्हटलं नव्हतं. घरच्यांनीही नाही.

दळून दिलं असतंत तर ४० किलोंच्या दळणाचे पैसे तिथल्या तिथे मिळाले असते आणि तुम्हाला कोणी बोल लावला नसता. चकल्या बिघडल्या असत्या, तर दोष माझ्या माथी आला असता आणि त्या सोसायटीत मला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. तुम्ही बाकीच्या पिशव्या आत, बायकोच्या खाटेखाली नेऊन ठेवल्यात, ओल लागू नये म्हणून. मी दहा किलो डाळ परत घरी नेली. मंद आचेवर, थोडी थोडी घेऊन, दाणा हाताला हलका लागेपर्यंत भाजली, पूर्ण गार होऊ दिली. रात्री साडेनऊला आले तर शटर अर्धं वर होतं आणि तुम्ही जेवायचे थांबला होतात.

लिज्जतची गोष्ट सगळे सांगतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला बसल्या. त्या सातजणींचं कौतुक व्हायलाच हवं. पण ते ८० रुपये विश्वासानं हातावर ठेवणारे छगनलाल करमसी पारेख किती जणांना ठाऊक आहेत? बाई उभी राहिली की तिच्या जिद्दीच्या बातम्या येतात. पण पाळी आल्यावर तिला नीट वागवणारा दुकानदार, उधारी सांभाळून घेणारा वाणी, टेम्पोत एक गोणी जास्त चढवू देणारा चालक, यांच्या भलेपणावर किती धंदे तगतात ते आम्हालाच माहीत.

त्या सोसायटीतून यंदा ९० किलोंची मागणी आहे. मुलीची फी भरली. हे आता डिलिव्हरी बघतात. पाकिटावर माझं नाव छापलंय. पहिलं पाकीट काकूंना दिलं होतं, ते त्यांनी देवापाशी ठेवलंय असं कळलं. ते आता वापरा हो, चार महिने झाले.

सोमवारी सकाळी सहाला येते. पहिला घाणा ३० किलोंचा आहे. चणाडाळ मंद आचेवरच भाजलीय, तरी एक दाणा फोडून बघाच.

तुमची,
खारेगावची भाजणीवाली ताई