भूकंपानंतरचे पहिले काही तास कोणाच्या भरवशावर? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सविनय नमस्कार.

मी औसा तालुक्यातला, 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या गावातला शेतकरी. मोठा भूकंप झाला तर अणुऊर्जा प्रकल्पाभोवतीच्या गावांना कोण, किती वेळात आणि कशाने कळवणार, एवढंच मी माहिती अधिकारात एका सरकारी कार्यालयाला विचारलं होतं. गेल्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर आलं: माहिती सुरक्षेशी संबंधित असल्याने देता येत नाही. ज्यांचा जीव जाणार त्यांच्यापासूनच लपवायची ही कसली सुरक्षा, साहेब?

त्या कार्यालयातल्या एकाने मला तोंडावर विचारलं, लातूरच्या माणसाला तारापूरच्या अणुप्रकल्पाचं आणि जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाचं काय पडलंय? पडलंय. 1993 पूर्वीच्या भूकंप नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशात सगळ्यात कमी धोक्याचा. 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसू लागले, जमिनीतून आवाज येऊ लागले. लोक अंगणात झोपू लागले. घाबरू नका, असं सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून येऊन माणसं नुकती आडवी झाली होती तेव्हा, माळवदं खाली आली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर. माझी आई आणि धाकटा भाऊ त्याखाली गेले. आईला आम्ही हातांनी उकरून दुपारी काढलं. भाऊ दुसऱ्या दिवशी सापडला, तोवर पाऊस लागला होता आणि मातीचा चिखल झाला होता. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपासचा, आमच्याकडे दहा हजार म्हणतात. सरणाला लाकडं पुरली नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवे गेले, फोन गेले, आणि मदत येईपर्यंत आम्हीच आम्हाला होतो.

2002 मध्ये झोन एक हा प्रकारच नकाशातून काढून टाकला. म्हणून एखादी जागा अमुक झोनमध्ये आहे, सबब सुरक्षित आहे, हे वाक्य माझ्यासमोर कोणी बोलू नये.

जपानमध्ये काय झालं ते नीट बघा. 11 मार्च 2011 ला 9 तीव्रतेच्या भूकंपात फुकुशिमाच्या चालू अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या, म्हणजे ठरवलं होतं तसंच झालं. पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं, त्याला सतत पाणी लागतं आणि पाण्याला वीज लागते. बाहेरून येणारी वीज भूकंपानेच तुटली होती. डिझेल जनित्रं सुरू झाली, ती तासाभरात त्सुनामीच्या पाण्यात गेली. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले, दीड लाखाच्या आसपास माणसांना घरदार सोडावं लागलं. दवाखान्यातले म्हातारे रुग्ण तर हलवाहलवीतच दगावले. त्याआधी 2007 मध्ये काशिवाझाकी-कारिवा अणुप्रकल्पाला आराखड्यात धरल्यापेक्षा जास्त हादरा बसला, ट्रान्सफॉर्मर पेटला, सातही भट्ट्या दीर्घकाळ बंद राहिल्या. 2024 च्या 1 जानेवारीला नोटो द्वीपकल्प हादरला. तिथला शिका प्रकल्प 2011 पासून बंदच होता, हे नशीब. ट्रान्सफॉर्मरचं तेल सांडलं, किरणोत्सार मोजणाऱ्या काही केंद्रांची माहिती येणं थांबलं आणि ज्या रस्त्यांनी लोकांना बाहेर काढायचं तेच रस्ते तुटले.

हे शेवटचं वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. कारण हेच मी किल्लारीत भोगलंय. भिंत किती जाड आहे हे तुमचे शास्त्रज्ञ सांगतील, 2011 मध्ये जपानमधला ओनागावाचा अणुप्रकल्प भूकंपाच्या केंद्राच्या आणखी जवळ असून तगला हेही खरं आहे. पण रस्ता, वीज आणि फोन एकाच वेळी गेल्यावर पालघरच्या पाड्यावरच्या बाईला कोण सांगणार, की पोरांना घेऊन कुठल्या दिशेला निघ?

पालघर मुद्दाम म्हणतो. तारापूर त्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका लागली, लोक थंडीत तंबूत झोपले. छोट्या धक्क्यांमागे मोठा येतोच असं नाही, मलाही कळतं. पण 1992 ला आम्हालाही असंच समजावलं होतं. कोयना 1967 ला हादरलं. आमच्या हिंगोलीला 2024 मध्ये दोनदा साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, तेव्हा माझ्या पुनर्वसनातल्या घराच्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला. पंचनामा करतो म्हणून सांगून गेलेला माणूस अजून फिरकलेला नाही. एका भिंतीचा पंचनामा ज्या यंत्रणेला जमत नाही, तिने जैतापूरच्या 9900 मेगावॅटचा शब्द द्यावा आणि आम्ही तो मानावा?

आणि तपासणार कोण? अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचं पुरेसं बळ नव्हतं, असं कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, 2012 मध्येच लिहिलं. स्वतंत्र नियामकाचं विधेयक 2011 ला आलं आणि लोकसभेची मुदत संपताच बुडालं. दोन निवडणुकांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढंच या देशात होतं, मग धरण असो, विमा असो की अणुभट्टी. 2025 मध्ये थोरियमच्या छोट्या अणुभट्टीसाठी राज्याने रशियन कंपनीशी सामंजस्य करार केला. जागा कुठली, हे ज्यांच्या जमिनी जाणार त्यांना सगळ्यात शेवटी कळणार, कारण आजवर तसंच झालंय.

केंद्राचा विषय आहे म्हणून हात झटकू नका. प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरची माणसं हलवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे तुमच्याच सरकारची. जवळपास भूकंप झाला की प्रकल्पातल्या भूकंपमापकाची नोंद आणि आराखड्यात धरलेला हादरा, दोन्ही आकडे मराठीत जाहीर करा. रस्ता, वीज, मोबाइल बंद धरून रंगीत तालीम घ्या, तीही रात्री. आणि नव्या भट्टीची जागा ठरवण्याआधी ग्रामसभेला विचारा.

त्या एका ओळीच्या उत्तराविरुद्ध मी पहिलं अपील दाखल केलं आहे. त्याची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे.

आपला,
किल्लारी परिसरातील एक भूकंपग्रस्त शेतकरी