प्रार्थनेच्या यादीत शुगर चालते, मग डिप्रेशन का नाही?

माननीय संपादक साहेब,

सलाम. दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पेपरात लेख येतात, डॉक्टरांच्या मुलाखती येतात, ते चांगलंच आहे, पण आमच्या चर्चमध्ये त्यातलं काही पोचत नाही म्हणून हे पत्र. मी सोलापूरची, ख्रिस्ती, नर्सिंगमधून रिटायर झालेली बाई. त्यामुळे दवाखान्यातला वॉर्ड पण माहिती आहे आणि मंडळी, म्हणजे आमचा चर्चचा समाज, तो पण.

आमच्याकडे रविवारी उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते. कुणाची ॲन्जिओप्लास्टी, कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, नावानिशी सांगतात आणि संध्याकाळी महिला मंडळातल्या दोघीतिघी मोसंबी घेऊन समाचाराला पण जातात. पण एखादी सून बाळंतपणानंतर नुसती रडत बसते, बाळाला जवळ घेत नाही, किंवा पोरगा नोकरी सुटल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही, हे कधी त्या यादीत येत नाही. आलंच तर "एका कुटुंबाची खास विनंती आहे, प्रभूला माहीत आहे" एवढंच. प्रभूला माहीत आहेच हो, पण मंडळीला माहीत नाही म्हणून त्या घरी कोणी डबा घेऊन जात नाही.

बरं, कळल्यावर लोक जे बोलतात ते ऐकून वाटतं कळलं नसतं तर बरं. विश्वास कमी पडतोय, बायबल वाचन सुटलं असेल, काहीतरी पाप लपवलंय, उपास धरा. ज्याला आधीच वाटतंय की आपण कुचकामी आहोत त्याला हेच परत ऐकवायचं! काही सभांमध्ये तर गोळ्या बंद केल्या म्हणून साक्ष द्यायला उभं करतात आणि लोक हालेलुया म्हणतात. डिप्रेशनच्या गोळीचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते, आणि मनाने एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं हे होतं आणि आजार उलटायची भीती असते ती वेगळीच. बीपीची गोळी टाकून द्या असं कोणी स्टेजवरून सांगत नाही ना? भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण केली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, मग ते कुठल्याही धर्माच्या नावाने करा.

आमच्या समाजात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं कारण दवाखान्याशी आमचं नातं जुनं आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, आणि आजही आमच्यात कितीतरी घरांत एक तरी नर्स निघतेच. आधी प्रार्थना मग ऑपरेशन, याला कधी कोणी अविश्वास म्हणालं नाही. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे येशूचे शब्द ज्या लूकने लिहून ठेवले तो स्वतः वैद्य होता. आणि बायबलमधल्या ईयोबाचे मित्र बघा, त्याच्यावर संकटांवर संकटं कोसळली तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोपर्यंत सगळं ठीक होतं. सल्ले सुरू झाले तिथून बिघडलं, शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच. स्तोत्र ८८ तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच आहे, तरी ते बायबलमधून कोणी काढलं नाही.

प्रार्थना नको असं मी म्हणत नाहीये. रात्री तीन वाजता झोप येत नाही तेव्हा डॉक्टर जवळ नसतो, स्तोत्र असतं.

आता लोक म्हणतील, नाव सांगितलं तर घरातल्या पोरींची स्थळं मोडतील. ही भीती खोटी नाही. आपली मंडळी छोटी, रेल्वे लाईन्समध्ये सकाळी बोललेलं दुपारी कुमठा नाक्यावर पोचतं. म्हणून माणसाचं नाव त्याने स्वतः परवानगी दिल्याशिवाय घेऊच नका, पण आजाराचं नाव तरी घ्या! पाळकसाहेबांनी उपदेशात एकदा जरी डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया, दारूचं व्यसन हे शब्द डायबेटीससारखे सरळ उच्चारले तर मागच्या बाकावर बसलेल्याला उपासना सुटल्यावर थांबून बोलायचा धीर येईल. पाळकांना पण दोष देत नाही, लग्न, मयत, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची भांडणं सगळं एकट्याच्या डोक्यावर, त्यांचं कोण ऐकतं हा अजून एक प्रश्न आहेच. तरुण संघातली निम्मी पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली ती तिकडेच राहिली, इकडे म्हातारे आईबाप चार भिंतींशी बोलतात. आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन उपदेश न करता चहा पिऊन आलं तरी पुष्कळ.

सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरच पाहिजे असं नाही. सरकारची टेलीमानस हेल्पलाईन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो चर्चच्या नोटीस बोर्डावर लावायला पंच कमिटीच्या ठरावाची गरज पडू नये. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्याला पोलीस उचलतील या भीतीने घरचे लपवतात, पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याला तीव्र तणावाखालचा माणूस धरतो, शिक्षा करत नाही, उलट त्याची काळजी घेणं आणि उपचार देणं हे सरकारचं काम ठरवतो. तशी वेळ आली तर थेट दवाखाना गाठा.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे संपादक साहेब. आत्महत्येची बातमी छापताना कसं केलं ते सविस्तर देऊ नका आणि खाली १४४१६ तेवढा द्या. आणि नाताळच्या पुरवणीत केक, कॅरोल, गोठ्याचे देखावे असतात ते असू देत, पण त्यातली अर्धी पानं या विषयाला मिळाली तर बघा, घरात माणूस गमावलेल्यांना तो आठवडा फार जड जातो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर